मोजलेलं सांगायचं कसं?

जर्मनीतल्या तंत्रविद्यापीठांत विद्युत अभियांत्रिकी शिकणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी सेमिनार येतो. त्यात प्रयोग नसतात आणि सत्राअखेरीस लेखी परीक्षाही नसते. उच्च वारंवारतेचं तंत्र शिकवणारी संस्था सत्राच्या सुरुवातीला विषयांची यादी लावते: मोटारीतलं रडार, उपग्रहाच्या अँटेना, गॅलियम नायट्राइडचे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, असे. विद्यार्थी त्यातला एक उचलतो, त्याला एक मार्गदर्शक मिळतो आणि मग सत्रभर वाचन चालतं. शेवटी हातात येतो तो साधारण चार पानांचा लेख. तो आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ठरलेल्या साच्यात, दोन स्तंभांत, बारीक टायपात लिहिलेला असतो. त्यानंतर वर्गासमोर वीसेक मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्नांना सामोरं जायचं.

युरोपातल्या पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. तीन श्रेयांकांचा सेमिनार म्हणजे ७५ ते ९० तास झाले, आणि त्यातून निघतात चार पानं. आपल्याकडून गेलेल्या मुलांना हा हिशेब सुरुवातीला चक्रावून टाकतो. ‘लिहायला आणि बोलायला एवढा वेळ? त्यापेक्षा एखादं सर्किट तरी बनवून झालं असतं!’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण या शाखेत लिहिणं हा मोजणीचाच शेवटचा टप्पा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो टप्पा कच्चा राहिला तर आधीची सगळी मोजणी वाया जाते. हे कसं, ते समजून घ्यायचं तर आधी या शाखेचा स्वभाव पाहावा लागेल.

घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तिची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. तिच्यापुढे भिंतीतली दहा मीटरची वायर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे वायरच्या या टोकाला मोजलं काय आणि त्या टोकाला मोजलं काय, आकडा तोच येतो. मोटारीच्या रडारमध्ये वारंवारता ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास असते. तिथे हवेतली तरंगलांबी ३.९ मिलिमीटर, आणि सर्किट बोर्डाच्या पदार्थात तर ती अडीच मिलिमीटरच्याही खाली येते. अशा बोर्डावर तांब्याची पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाने लांब झाली तरी लहरीची कला (फेज) सुमारे १५ अंशांनी सरकते. परावर्तन मोजत असाल तर लहर जाऊन परत येते, म्हणजे ३० अंशांचा फरक. कनेक्टर किती घट्ट पिळला यानेही आकडा हलतो, म्हणून तो हाताच्या अंदाजाने न पिळता ठरावीक जोर लागताच निसटणाऱ्या खास पान्याने पिळतात. मोजणी चालू असताना केबल वाकवली तरी रीडिंग बदलतं.

म्हणून इथे मोजायला बसण्याआधी कॅलिब्रेशन करतात. वाणी तेल तोलण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसंच हे. नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या केबलच्या टोकाला आधी शॉर्ट, मग ओपन, मग ५० ओहमचा लोड, असे ज्यांचे गुणधर्म पक्के ठाऊक आहेत ते तुकडे लावतात. त्यांच्या रीडिंगवरून केबलचा आणि यंत्राचा वाटा काढता येतो आणि पुढच्या मोजणीतून तो वजा होतो. ज्या जागेपासून पुढचं सगळं ‘आपलं’ आणि मागचं सगळं ‘यंत्राचं’ मानायचं, तिला रेफरन्स प्लेन म्हणतात. ही जागा कनेक्टरच्या तोंडाशी आहे की आत चिपच्या पॅडवर, हे सांगितल्याशिवाय परावर्तनाच्या कलेचा आकडा निरर्थक असतो.

हेच तत्त्व आपल्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीतही पाळलं जातं. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हव्या त्या दीर्घिकेकडे वळण्याआधी ३सी२८६ सारख्या, आधीच नीट मोजून ठेवलेल्या रेडिओस्रोताकडे वळतात. त्याची ज्ञात तीव्रता हाच मापाचा आधार. खगोलशास्त्रज्ञ पेपर लिहितात तेव्हा कोणता स्रोत आधाराला घेतला हे नाव त्यात असतंच असतं. ते गाळलं तर पुढच्या आकड्यांना कुणी विचारत नाही.

लहर दिसत नाही, ऐकू येत नाही, हाताला लागत नाही. तिच्याबद्दलचं आपलं सगळं ज्ञान मोजणीच्या वर्णनात असतं. ते वर्णन कसं असावं याचा पहिला धडा या शाखेच्या जन्मदात्यानेच घालून दिला आहे आणि माझ्या मते तो आजही सर्वोत्तम आहे.

हाइन्रिख हर्ट्झ १८८५मध्ये कार्ल्सरूहच्या तांत्रिक महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १८८६ ते १८८८ या काळात त्यांनी तिथे विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या, पकडल्या आणि मोजल्या. लहरी भिंतीवरून परततात का, हे पाहायला त्यांनी पदार्थविज्ञानाच्या व्याख्यानाचं दालन वापरलं. त्या प्रयोगाचा त्यांचा लेख वाचताना लक्ष जातं ते त्यातल्या बारकाव्यांकडे. दालन १५ मीटर लांब आहे. त्यात लोखंडी खांबांच्या दोन रांगा आहेत, म्हणून प्रयोगाला उपयोगी रुंदी प्रत्यक्षापेक्षा कमी धरायला हवी. मध्ये लोंबणारे झुंबरांचे भाग काढून ठेवले आहेत. उरलेली बाकं आणि टेबलं लाकडी आहेत, त्यांचा अडथळा मानण्याचं कारण नाही. समोरच्या भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला आहे. झुंबराचा आणि भौतिकशास्त्राचा काय संबंध, असं एखाद्याला वाटेल. पण लोखंड आणि पितळ लहरींना परतवतं आणि लाकूड जाऊ देतं. वाचकाला ते दालन डोळ्यांसमोर उभं करता आलं नाही तर त्यातल्या लहरींवर त्याने विश्वास कशाला ठेवावा?

आता या लेखांची खरी कसोटी पाहा. हर्ट्झ यांच्या सुरुवातीच्या कामात एक गणिती चूक होती. त्यांच्या उपकरणात तारेच्या दोन टोकांना धातूचे दोन गोल होते. त्या गोलांची धारकता धरताना त्यांच्याकडून गफलत झाली आणि दोलनाचा काळ २च्या वर्गमुळाच्या पटीने, म्हणजे सुमारे १.४ पटीने जास्त निघाला. ती चूक फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी पकडली. ते पॅरिसला होते, उपकरण कार्ल्सरूहला. त्यांना ती पकडता आली, कारण हर्ट्झ यांनी गोलांची आणि तारांची मापं, गणिताची रीत, सगळं छापलं होतं. ‘योग्य आकाराचे गोल वापरले’ एवढंच लिहिलं असतं तर चूक कुणाला सापडली नसती आणि कदाचित वर्षानुवर्षं तशीच चालली असती.

दुसरी अडचण याहून मोठी होती. तारेतून जाणाऱ्या लहरीचा वेग हवेतल्या लहरीपेक्षा बराच कमी आहे, असं त्यांच्या मोजणीतून निघालं होतं. मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांताप्रमाणे दोन्ही वेग जवळपास सारखे हवेत. पुढे जिनिव्हाच्या सारासँ आणि द ला रिव्ह यांनी कितीतरी मोठ्या दालनात, मोठा आरसा लावून तो प्रयोग पुन्हा केला आणि वेग सारखे निघाले. कार्ल्सरूहचं दालनच अपुरं पडलं होतं. १८९२मध्ये हर्ट्झ यांनी आपले लेख एकत्र करून पुस्तक काढलं, तेव्हा जुने लेख त्यांनी दुरुस्त करून गुळगुळीत केले नाहीत. ते छापले होते तसेच ठेवले, टिपा जोडल्या, प्वांकारे यांचं ऋण मानलं आणि प्रस्तावनेत आपण कुठे कुठे अडखळलो ते सांगितलं. दोनच वर्षांनी, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले. त्यांची मूळ उपकरणं म्युनिकच्या डॉइचेस म्यूझियममध्ये आहेत. पण या शाखेला त्यांनी दिलेली लेखनाची शिस्त मला त्या उपकरणांइतकीच मोलाची वाटते.

सेमिनार हा शिकवण्याचा प्रकारही जर्मनीतच रुजला. आधी तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचा होता. १८३४मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठात गणितज्ञ याकोबी आणि पदार्थवैज्ञानिक फ्रान्झ नॉयमान यांनी गणित आणि पदार्थविज्ञानासाठी सेमिनार सुरू केला. हे शहर आज रशियात असून त्याचं नाव कालिनिनग्राद आहे. व्याख्यान ऐकून वही भरण्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न सोडवावा, मोजावं, लिहावं आणि सर्वांसमोर मांडावं, अशी तिथली रीत होती. त्या सेमिनारातला गुस्टाव्ह किरखॉफ नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी एका गोल चकतीतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर काम करत होता. १८४५मध्ये ते छापून आलं आणि त्यातच विद्युतमंडलाचे ते दोन नियम होते, जे आज बारावीपासून प्रत्येक विद्यार्थी शिकतो. किरखॉफचा नियम हे मुळात सेमिनारचं काम आहे, ही गोष्ट आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुणीतरी सांगायला हवी.

आता आजच्या सेमिनारच्या खोलीत येऊ. मार्गदर्शकाच्या लाल शाईचा सगळ्यात मोठा वाटा जातो डेसिबलवर. डेसिबल हे गुणोत्तराचं माप आहे, म्हणजे कशाच्या तुलनेत हे सांगितल्याशिवाय ते अधांतरी राहतं. एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलं तर ते डीबीएम. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट, ३० डीबीएम म्हणजे एक वॉट. अँटेनाचा लाभ सर्व दिशांना सारखं प्रसारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत सांगितला तर डीबीआय, आणि साध्या द्विध्रुवाच्या तुलनेत सांगितला तर डीबीडी. या दोघांत २.१५ डेसिबलचा फरक. नुसतं ‘लाभ ८ डीबी’ लिहिलं की वाचणाऱ्याला दोन अर्थ उरतात. मुलं आणखी एक चूक हमखास करतात: १० डीबीएमचे दोन सिग्नल एकत्र केले की २० डीबीएम होतात, असं लिहून बसतात. प्रत्यक्षात शक्ती दुप्पट होते, म्हणजे १३ डीबीएम.

रिटर्न लॉसची गोष्ट तर नामांकित नियतकालिकांपर्यंत पोचली होती. अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत आली, हे त्यातून कळतं. रिटर्न लॉस १० डीबी म्हणजे १० टक्के शक्ती परत आली, २० डीबी म्हणजे एकच टक्का. ही घट आहे, म्हणून आकडा धन असायला हवा. पण आलेखावर दिसतो तो एस-वन-वन हा परावर्तनाचा गुणांक, आणि तो डेसिबलमध्ये ऋण असतो. लेखक आलेखावर उणे २० वाचतात आणि खाली ‘रिटर्न लॉस उणे २० डीबी’ लिहितात. अँटेना क्षेत्रातल्या आयईईईच्या प्रमुख संशोधनपत्रिकेचे मुख्य संपादक ट्रेव्हर बर्ड यांना २००९मध्ये या एका चिन्हासाठी स्वतंत्र टिपण लिहून लेखकांचे कान धरावे लागले. काहींना हा काथ्याकूट वाटेल. मला वाटत नाही. ‘रिटर्न लॉस वाढला’ या वाक्याचा अर्थ अँटेना सुधारली की बिघडली, हे त्या चिन्हावरच ठरतं.

दुसरं दुखणं एका वाक्याचं आहे. ‘सिम्युलेशन आणि मोजणी यांचा चांगला मेळ बसतो.’ या शाखेतल्या असंख्य लेखांत हे वाक्य आढळतं, त्यामुळे विद्यार्थीही ते उचलतात. चांगला मार्गदर्शक तिथेच थांबवतो आणि विचारतो: किती मेळ? अनुनादाची वारंवारता किती मेगाहर्ट्झने सरकली? कोणत्या दिशेला? बोर्डाच्या पदार्थाचा पारविद्युतांक कंपनीच्या माहितीपत्रकातून घेतला होता की मोजला होता? कनेक्टर सिम्युलेशनमध्ये होता का? या प्रश्नांची उत्तरं लिहायला बसलं की ‘चांगला’ हा शब्द आपोआप गळून पडतो आणि त्याच्या जागी एक आकडा आणि एक कारण येतं. लिहिणं हा मोजणीचाच शेवटचा टप्पा आहे, हे मी सुरुवातीला म्हटलं ते इथे प्रत्यक्षात दिसतं. लिहिता लिहिता विद्यार्थ्याच्या लक्षात येतं की एक मोजणी करायचीच राहिली आहे.

आलेखांचंही तसंच. एखाद्या फिल्टरने नको असलेली वारंवारता उणे ४० डीबीपर्यंत अडवली आणि दुसऱ्याने उणे ६०पर्यंत, तर दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण उभ्या अक्षावर साधं प्रमाण घेतलं तर एकाचं मूल्य ०.०१ आणि दुसऱ्याचं ०.००१. दोन्ही रेघा शून्याला चिकटलेल्या दिसतात आणि फिल्टर सारखेच वाटतात. उलट, उणे ०.२ डीबी आणि उणे ०.५ डीबी यांतला फरक दाखवायचा असताना अक्ष उणे ८०पर्यंत ताणला तर तोही दिसेनासा होतो. म्हणजे अक्ष कोणता घ्यायचा, हे लेखकाला काय म्हणायचं आहे त्यावर ठरतं, आणि तेच ठरलं नसेल तर आलेखही गोंधळलेलाच निघतो. अक्षावर एकक लिहिण्याचाही जर्मनीत नियम आहे. राशीच्या नावापुढे एकक चौकटी कंसात टाकायची सवय जगभर आहे, ती तिथल्या मानकांना मान्य नाही. वारंवारता भागिले गिगाहर्ट्झ, किंवा ‘वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये’, असं लिहायचं. तिथे गेलेला विद्यार्थी पहिल्या मसुद्यात इथे हटकून अडकतो.

रंगांचीही एक बाजू आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत. सिम्युलेशन लाल आणि मोजणी हिरवी काढली तर वर्गातल्या एखाद्याला दोन्ही रेघा सारख्याच दिसण्याची शक्यता बरीच असते. म्हणून एक रेघ अखंड आणि दुसरी तुटक काढायची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या छपाईतही भागतं. क्षेत्राची तीव्रता इंद्रधनुष्यी रंगांत रंगवायची पद्धत अजून फोफावलेली आहे. त्यात पिवळ्याजवळ डोळ्याला एक कडा भासते, जी माहितीत नसतेच. मॅटलॅब या सॉफ्टवेअरनेही २०१४मध्ये आपली मूळची इंद्रधनुष्यी रंगसंगती बदलली ती याच कारणाने.

चुकीपलीकडे खोटेपणा असतो, आणि जर्मन विद्यापीठं त्याबाबत आता फार जागरूक आहेत. कोन्स्टान्झ विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले यान हेंड्रिक श्यून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सेंद्रिय पदार्थांच्या ट्रान्झिस्टरवर काम करत होते आणि त्यांचे पेपर जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांत धडाधड येत होते. मग काही वाचकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नॉइज तंतोतंत सारखा आहे. नॉइज यादृच्छिक असतो, दोन स्वतंत्र मोजण्यांत तो जुळूच शकत नाही. स्टॅनफर्डचे माल्कम बीझली यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सप्टेंबर २००२च्या तिच्या अहवालात २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरप्रकार सिद्ध झाला. प्रयोगाच्या वह्या नव्हत्या आणि मूळ डेटा पुसलेला होता. २००४मध्ये कोन्स्टान्झने डॉक्टरेट काढून घेतली. पुढे २०११मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांना प्रबंधातल्या वाङ्मयचौर्यापायी पद सोडावं लागलं, तेव्हा हा विषय घराघरात पोचला. आज विद्यार्थ्याचा लेख ‘हे काम माझं आहे, घेतलेलं सगळं मी नोंदलं आहे’ अशा सहीच्या निवेदनासह जमा होतो, आणि मूळ डेटा साधारणपणे दहा वर्षं जपावा असं जर्मन संशोधन परिषदेचं मार्गदर्शक सूत्र आहे. या निवेदनाला मी कागदी सोपस्कार मानत नाही. विशीतल्या मुलाकडून शास्त्रज्ञ म्हणून घेतलेली ती पहिली सही आहे.

लेख झाला की बोलणं. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२०च्या दशकात शुक्रवारची सायंकालीन व्याख्यानं सुरू केली. पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेले फॅरडे बोलणं मेहनतीने शिकले होते. तरुणपणी मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी व्याख्यानाची खोली, हवा, वेळ, वक्त्याचे हातवारे, सगळ्यांची चिकित्सा केली आहे. पुढे नावारूपाला आल्यावरही बोलण्याचा वेग वाढला की ‘हळू’ असं लिहिलेलं कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं जाई, आणि तास संपत आला की ‘वेळ’ असं दुसरं. जगातला मोठा प्रयोगशास्त्रज्ञ अशी कार्डं ठेवायला सांगतो, तिथे विद्यार्थ्याला घड्याळ लावून तालीम करायचा कंटाळा यावा, हे काही बरं नाही.

त्याच व्यासपीठावर २९ जानेवारी १८९७ रोजी जगदीशचंद्र बोस उभे राहिले. त्यांच्या लहरी मिलिमीटरच्या होत्या, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या. आज मोटारीचं रडार वापरतं त्याच्या अगदी शेजारचा पट्टा. उपकरण टेबलावर मावणारं होतं आणि प्रयोग समोर करून दाखवता येत होते. लहरींचं ध्रुवण दाखवण्याच्या त्यांच्या साहित्यात ब्रॅडशॉचं रेल्वे वेळापत्रकही होतं, पानापानांत कथिलाचा वर्ख घातलेलं. पिळलेला ताग वापरून ते ध्रुवणाची दिशा फिरवून दाखवत. न दिसणारी लहर ओळखीच्या वस्तूंच्या आधाराने सभेला समजावून देणं, हे त्यांचं मोठं कौशल्य होतं. आजच्या सेमिनारात विद्यार्थी प्रोजेक्टरवर सतरा समीकरणं दाखवतो तेव्हा मला बोस यांचं ते वेळापत्रक आठवतं.

स्लाइडचा विषय निघाला की एक उदाहरण टाळता येत नाही, आणि ते आपल्या मनाला अजून लागतं. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान झेपावलं. ८२ सेकंदांच्या आसपास बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधून नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइडवर मांडला. एका स्लाइडचं मोठं शीर्षक दिलासा देणारं होतं. सगळ्यात खालच्या ओळींत, सगळ्यात लहान अक्षरांत लिहिलं होतं की ज्या चाचण्यांवर हा अंदाज बेतला आहे त्यांतला फोमचा तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षात आदळलेला १,९२० घनइंचांच्या घरातला असावा. ६४० पट! १ फेब्रुवारीला यान परतताना फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडचं, माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं विश्लेषण छापलं आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघाताचं कारण ती स्लाइड नव्हती. पण जो आकडा पहिल्या ओळीत हवा तो शेवटच्या ओळीत गेला की काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं.

म्हणून चांगल्या सेमिनारात स्लाइडच्या डोक्यावर ‘निकाल’ असा एक शब्द चालत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या मायकेल अ‍ॅली यांनी पुरस्कारलेली पद्धत आता बरीच रुळली आहे: वर एक पूर्ण वाक्य, जो दावा करायचा आहे तो, आणि खाली त्याचा पुरावा म्हणून एकच चित्र किंवा आलेख. ‘बँडविड्थ एक गिगाहर्ट्झवरून चारवर नेली की अंतरातला फरक १५ सेंटिमीटरऐवजी ३.७५ सेंटिमीटरपर्यंत ओळखता येतो.’ हे वाक्य लिहिता आलं तर विद्यार्थ्याला विषय कळला आहे. नाही आलं तर स्लाइड कितीही रंगीत असो, ती भरतीची आहे. रडारवरच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात १९०४ सालच्या ह्यूल्समायर यांच्या पेटंटपासून करायचीही गरज नाही. वीस मिनिटांतली पाच इतिहासात गेली की मोजणीला वेळ उरत नाही.

भाषणानंतर वर्ग टाळ्या वाजवत नाही, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतो. जर्मन विद्यापीठांतली ही जुनी रीत. मग प्रश्न सुरू होतात आणि माझ्या दृष्टीने सेमिनारचा गाभा तिथे आहे. प्रश्न विचारणाऱ्याला वय, हुद्दा, उपकाराचं ओझं आड येत नाही. शेजारच्या बाकावरचा मित्रच विचारतो, ‘कॅलिब्रेशन कोणत्या प्लेनवर केलं?’ यात अपमान कुणाचा होत नाही. ‘ते पेपरमध्ये दिलेलं नाही, मीही शोधलं, सापडलं नाही’ हे पूर्ण मान्य होणारं उत्तर आहे. इतरांच्या छापील पेपरमध्ये काय सांगायचं राहिलं आहे ते ओळखता येणं, हे या विषयातलं मोठं शिक्षण आहे.

२०२२-२३च्या हिवाळी सत्रापासून जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि पुण्या-मुंबईकडची बरीच मुलं त्यांत आहेत. गणितात, सिम्युलेशनमध्ये ती मागे नसतात. पण आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत सेमिनार म्हणजे नेटवरून उतरवलेली तीस स्लाइड आणि स्पायरल बाइंडिंगचा जाड अहवाल, अशी समजूत पक्की झाली आहे. पानं जितकी जास्त तितकी मेहनत मोठी, असं गाईडही मानतात. जाड अहवालात न समजलेलं लपून राहतं, चार पानांत ते लपवायला जागा नसते.

आपल्या महाविद्यालयांना यासाठी नव्या इमारतीची किंवा महागड्या अ‍ॅनालायझरची गरज नाही. इथल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: यंदाच्या सेमिनारला पानांची वरची मर्यादा घाला. प्रत्येक विद्यार्थ्याला एकच छापील पेपर द्या आणि त्यातला एकच आलेख निवडायला सांगा. तो कुठे मोजला, कशाच्या तुलनेत मोजला, अक्ष असा का घेतला आणि कोणती गोष्ट सांगायची राहिली, एवढं त्याच्याकडून स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. सुरुवात मराठीत केली तरी चालेल. मग त्याला वर्गासमोर उभं करा आणि पहिला प्रश्न विचारायचा मान मागच्या बाकाला द्या.